बुडणाऱ्या बेटावर गर्दी का वाढते?

२०२५ च्या जून-जुलैमध्ये पॅसिफिक महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या देशाचं नाव आपल्याकडच्याही बातम्यांत झळकलं. ऑस्ट्रेलियाने तिथल्या नागरिकांसाठी वर्षाला २८० व्हिसा देऊ केले आणि पहिल्याच सोडतीला घरच्यांसकट ८,७५० जणांची नावं पडली. देशाची लोकसंख्या जेमतेम साडेदहा-अकरा हजार. मथळे अपेक्षेप्रमाणेच होते: समुद्र वर येतोय, देश बुडतोय, माणसं पळतायत.

ही बातमी खरी आहे, पण अर्धी आहे. या बेटांवरची बहुतेक स्थलांतरं परदेशात होतच नाहीत. माणसं दूरच्या बेटावरून निघतात आणि राजधानीच्या बेटावर येऊन राहतात. ते बेटही तितकंच सखल असतं, समुद्र तिथेही तितकाच जवळ असतो, आणि गर्दी मात्र गावच्या कैकपट. तुवालूमधली निम्म्याहून जास्त माणसं आज फुनाफुती या एकाच बेटावर राहतात. पण हा प्रकार नीट समजून घ्यायचा तर शेजारचा किरिबाती पाहावा. ब्रिटिशांच्या काळात दोन्ही मिळून एकच वसाहत होती, 'गिल्बर्ट आणि एलिस बेटं'. एलिसचा तुवालू झाला आणि गिल्बर्टचा किरिबाती.

(नावाची एक गंमत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडखळायला होणार नाही. लिहितात 'किरिबाती', म्हणतात 'किरिबास'. तिथल्या भाषेत 'स' या अक्षराची जागा 'ति' घेतो. 'गिल्बर्ट्स'चं त्यांच्या जिभेवर 'किरिबास' झालं. त्याच हिशेबाने 'किरितिमाती' म्हणजे 'ख्रिसमस' बेट. एकदा ही किल्ली हाती आली की नकाशा वाचायला मजा येते.)

मला जो प्रश्न पडला तो साधा आहे. शहाणी माणसं बुडणाऱ्या जमिनीकडे का जातील?

आधी जमीन कशी आहे ते पाहू

किरिबातीत ३३ बेटं आहेत. जमीन सगळी मिळून साधारण ८०० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपेक्षा बरीच जास्त. पण ही जमीन विखुरली आहे ती सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रात, म्हणजे अख्ख्या भारताहून मोठ्या पाण्यात. बानाबा सोडलं तर बाकी सगळी कंकणद्वीपं आहेत. एखादा ज्वालामुखी हळूहळू समुद्रात खचतो, त्याच्या कडेने वाढलेलं प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वर येत राहतं, आणि शेवटी डोंगर गडप होऊन बांगडीसारखं कडं तेवढं शिल्लक राहतं. त्या कड्यावर प्रवाळाचा चुरा आणि वाळू साचून जी पट्टी तयार होते, तीच जमीन. आतल्या बाजूला उथळ पाणी, ज्याला भूगोलाच्या पुस्तकात खाजण म्हणतात. बाहेरच्या बाजूला पॅसिफिक.

तारावा हे असंच एक कंकण. त्याच्या दक्षिणेकडच्या पट्टीला दक्षिण तारावा म्हणतात आणि देशाची राजधानी तिथे आहे. पश्चिम टोकाला बेतिओ (म्हणताना साधारण 'बेशो'), पूर्वेला विमानतळाचं बोनरिकी, आणि मधून एकच रस्ता. पट्टीची रुंदी सरासरी साडेचारशे मीटर. बऱ्याच जागी रस्त्यावर उभं राहिलं की डावीकडे खाजण दिसतं आणि उजवीकडे महासागर. उंची बहुतेक ठिकाणी तीन मीटरच्या आत. डोंगर नाही, नदी नाही, ओढासुद्धा नाही.

या जेमतेम सोळा चौरस किलोमीटरच्या पट्टीवर २०२० च्या जनगणनेत सुमारे ६३ हजार माणसं होती. देशाची लोकसंख्या सुमारे एक लाख वीस हजार. म्हणजे दर दोन नागरिकांमागे एकाहून जास्त इथेच. बेतिओमध्ये दर चौरस किलोमीटरला दहा हजारांहून जास्त माणसं आहेत. मुंबईकर म्हणेल, हे तर आमच्या निम्म्यानेच. खरं आहे, पण मुंबईत माणसं एकावर एक राहतात. बेतिओत घरं बहुतेक बैठी आहेत, आणि मुंबईसाठी पाणी शंभर किलोमीटरवरच्या धरणांतून येतं. इथे जमिनीच्या पोटात जे असेल ते.

गाव शहर झालं कसं

१९४७ मध्ये दक्षिण तारावात पावणेदोन हजारांच्याही आत लोक राहत होते. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट एका आयुष्यात घडलेली आहे. त्या साली जन्मलेली बाई आज जिवंत असेल तर तिने आपल्या गावाची लोकसंख्या पस्तीसपटीहून जास्त वाढलेली पाहिली आहे.

सुरुवात युद्धाने झाली. त्याआधी ब्रिटिश या वसाहतीचा कारभार बानाबा बेटावरून पाहत, कारण तिथे फॉस्फेटच्या खाणी होत्या. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तारावा ताब्यात घेऊन बेतिओवर धावपट्टी आणि तटबंदी उभारली. नोव्हेंबर १९४३ मध्ये अमेरिकी सैन्य उतरलं. तीन दिवसांच्या लढाईत सुमारे एक हजार अमेरिकी आणि जपानी बाजूचे साडेचार हजारांहून जास्त लोक मेले. हे सगळं दीड चौरस किलोमीटरच्याही आतल्या जागेत. लढाई संपली तेव्हा तारावावर धावपट्टी होती, धक्का होता, उघडीबोडकी जमीन होती. युद्धानंतर ब्रिटिशांनी कारभार इथेच थाटला.

पुढचं आपोआप घडत गेलं. कचेरी आली म्हणून कारकून आले. कारकुनांच्या मुलांसाठी शाळा आली, मग इस्पितळ, मग जहाजांसाठी खलाशी घडवणारी शाळा (१९६७ मध्ये, बेतिओला, इथले खलाशी जर्मन कंपन्यांच्या जहाजांवर जात आणि घरी पैसे पाठवत). १२ जुलै १९७९ ला देश स्वतंत्र झाला, त्याच वर्षी बानाबाचं फॉस्फेट संपलं. नव्या देशाकडे एकच मोठा मालक उरला, तो म्हणजे सरकार. आणि सरकार तारावात होतं. १९८७ मध्ये जपानच्या मदतीने बेतिओ आणि बाइरिकी यांच्यामध्ये साडेतीन किलोमीटरचा भराव-रस्ता झाला. तोवर लाँचने जावं लागे. आता बेतिओचं बंदर, बाइरिकीच्या कचेऱ्या आणि बोनरिकीचं विमानतळ एका रस्त्याला लागले. गावांची माळ होती, तिचं शहर झालं.

बाहेरच्या बेटावर नेमकं काय नाही?

उपाशी राहावं लागत नाही, हे आधी सांगायला हवं. बाहेरच्या बेटांवर मासे आहेत, नारळ आहे, विलायती फणस आहे, केवड्याच्या जातीतल्या झाडाची फळं आहेत, आणि 'बाबाई' आहे. बाबाई म्हणजे अळूच्या कुळातलं मोठं कंद. ते लावायला वाळूत खोल खड्डा खणतात, थेट गोडं पाणी लागेपर्यंत, आणि पिढ्यान्पिढ्या पालापाचोळा घालून तो खड्डा जपतात. नारळाच्या पोयीतून काढलेला गोड रस रोजच्या पिण्यात असतो. पोट भरण्यापुरतं गावात आहे.

नाही ते रोख पैसे. तांदूळ, साखर, पीठ, रॉकेल, बोटीचं पेट्रोल, मुलाची फी, चर्चची वर्गणी यांना नाणं लागतं, आणि गावात नाणं मिळवायचा जवळजवळ एकच मार्ग आहे: नारळ फोडून, वाळवून त्याचं खोबरं विकणं. पगाराच्या नोकऱ्या शिक्षक, परिचारिका आणि बेटाच्या पंचायतीतले दोन-चार कारकून एवढ्याच. माध्यमिक शाळेचे वरचे वर्ग मोजक्या बेटांवर आहेत. मोठं इस्पितळ तारावात. बाळंतपण अडलं, तर जहाजाची किंवा छोट्या विमानाची वाट पाहायची.

कोकणातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. घरी भात पिकतो, मासळी आहे, तरी घरातला एकजण मुंबईला असतो, कारण मनीऑर्डर तिथून येते. चाकरमानी काही गाव बुडतंय म्हणून मुंबईला गेला नव्हता. तारावाला येणारा माणूसही समुद्राकडे पाहून हिशेब करत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर मुलीची शाळा असते. समुद्राचं संकट तीस-चाळीस वर्षांवरचं आणि सगळ्या बेटांना सारखंच. शाळा पुढच्या जूनचा प्रश्न आहे. (तिथे शाळा जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते, पण म्हणण्याचा मुद्दा कळला असेल.)

येणाऱ्याला जागा कोण देतं?

नातेवाईक. किरिबातीत 'बुबुती' नावाची एक रीत आहे. नात्यातल्या माणसाने येऊन काही मागितलं, मग ती होडी असो, सदरा असो की चार महिने राहायला जागा, तर नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याचं नाक कापलं जातं. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत गावाकडच्या भाच्या-पुतण्यांनी कशा रांगेने पथाऱ्या टाकल्या, हे ज्याने ऐकलंय त्याला बुबुतीचा अर्थ लगेच उमगेल. याच रीतीमुळे तारावात सहसा कुणी बेघर होऊन रस्त्यावर झोपत नाही, आणि याच रीतीमुळे एकेका आवारात दोन-तीन कुटुंबं दाटीवाटीने राहतात. गावी हीच रीत विम्याचं काम करते: आज तुझी जाळी फाटली, उद्या माझी. शहरात एक पगारदार आणि दहा मागणारे असं प्रमाण झालं की तीच रीत पगारदाराला जड जाते. तरी मोडत नाही.

जमिनीचं त्रांगडं याहून वाईट. तारावातली जमीन पिढीजात मालकीची आहे आणि वारसाहक्क मुलगे-मुली दोघांनाही आहे. बेतिओ, बाइरिकी यांसारख्या भागांत सरकारने मालकांकडून मोठे तुकडे भाडेपट्ट्याने घेतलेत आणि कचेऱ्या, वसाहती त्यावर आहेत. बाहेरून आलेल्याची स्वतःची जमीन असते ती दूर गावी. इथे तो सरकारी पट्ट्याच्या जमिनीवर, कुणाच्या तरी मर्जीवर किंवा भरतीच्या रेषेवर भराव टाकून राहतो. कोर्टात जमिनीचे वाद तुंबलेले असतात.

खरी अडचण पायाखाली आहे

आता या लेखातला एकमेव किचकट भाग, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

पावसाचं पाणी वाळूत मुरतं. खाली प्रवाळाच्या भोकाभोकांतून समुद्राचं खारं पाणी शिरलेलं असतंच. गोडं पाणी हलकं, खारं जड. म्हणून गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं, मध्ये जाड आणि कडेला पातळ, भिंगाच्या आकाराचं. याला गोड्या पाण्याचं भिंग म्हणतात. पुस्तकी नियम असा की समुद्रपातळीवर जेवढं गोडं पाणी उभं राहील त्याच्या चाळीसपट ते खाली जातं. प्रत्यक्षात भरती-ओहोटीने दोन्ही पाणी घुसळली जातात आणि भिंग बरंच पातळ राहतं.

गरम वरणाच्या वाटीवर तूप घातल्याचं डोळ्यांसमोर आणा. वरवरचं तूप अलगद काढलं तर तूपच येतं. चमचा खोल घातला, किंवा घाई केली, की वरण आलंच. बेटावरच्या विहिरीचं तसंच आहे. हळू उपसलं तर गोडं, जोरात उपसलं तर मचूळ. आपल्याकडे खाडीकाठच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात, त्यामागचं शास्त्र बरंचसं हेच.

भिंग जाड व्हायला बेट रुंद लागतं. राजधानीजवळ अशा रुंद जागा दोनच, बोनरिकी आणि त्याच्याच पलीकडचं बुओता. दोन्ही पाण्यासाठी राखीव आहेत. तिथली जमीन सरकारने मालकांकडून भाड्याने घेतली आहे आणि आडव्या नळ्या टाकून वरवरचं पाणी हलकेच ओढलं जातं. दोन्हीकडून मिळून दिवसाला साधारण वीस लाख लिटर काढता येतं. ६३ हजार माणसांत वाटलं तर माणशी ३२ लिटर, तेही गळती न धरता. आपल्याकडे मोठ्या शहरांत योजना आखताना माणशी १३५ लिटर धरतात. तारावात बरीच वर्षं नळाला दोन दिवसांतून सुमारे दोन तास पाणी येत आलं आहे.

उरलेलं पाणी कुठून? अंगणातल्या विहिरीतून. ती एक-दोन मीटर खोल असते. आणि तिच्यापासून काही पावलांवर संडासाचा खड्डा, डुकरांचं कुंपण आणि पूर्वजांची थडगी. वाळू पाणी गाळते खरी, पण एवढ्या थोड्या अंतरात काय गाळणार? वस्ती विरळ होती तोवर चाललं. दाट झाली आणि १९७७ मध्ये कॉलरा आला. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या मदतीने बेतिओ, बाइरिकी आणि बिकेनिबेउ या भागांत गटारं झाली. त्यात फ्लशसाठी समुद्राचंच पाणी वापरलं, कारण गोडं पाणी असं वाया घालवणं परवडणारं नव्हतं. बाकी भागांत समुद्रकिनारा हाच अनेकांचा संडास राहिला. लहान मुलांची हगवण ही तिथे नेहमीची बाब आहे.

यात हवामान कुठे आलं? पावसात. आपल्याकडे 'ला निना' (मध्य आणि पूर्व पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा थंड होण्याचा काळ) म्हटलं की शेतकरी सुखावतो. गिल्बर्ट बेटांवर (किरिबातीचा पश्चिमेकडचा समूह, तारावा त्यातलंच) तोच शब्द ऐकला की पोटात गोळा येतो, कारण ला निनाच्या वर्षी मध्य पॅसिफिकचा पाऊस पश्चिमेकडे सरकतो. आपल्याला पाऊस देणारंच वारं तिथे दुष्काळ आणतं. जून २०२२ मध्ये किरिबाती सरकारने दुष्काळामुळे आपत्ती जाहीर केली, तेव्हा आपल्याकडे सलग तिसऱ्या ला निना वर्षाचा पाऊस येऊ घातला होता.

म्हणून मला वाटतं की तारावा समुद्राखाली जाण्याच्या कितीतरी आधी तिथलं पिण्याचं पाणी संपेल, आणि ते संपवण्यात समुद्राइतकाच हात गर्दीचा असेल. लाट भिंगावर वरून खारं पाणी ओतते. माणसं ते खालून उपसतात आणि मधूनच नासवतात.

पण बेटं तर वाढतायत असं वाचलं होतं

बरोबर वाचलंत. २०१० मध्ये आर्थर वेब आणि पॉल केंच या संशोधकांनी पॅसिफिकमधल्या २७ बेटांची जुनी हवाई छायाचित्रं आणि नवी उपग्रहचित्रं ताडून पाहिली. ८६ टक्के बेटांचं क्षेत्रफळ तेवढंच राहिलं होतं किंवा वाढलं होतं. लाटा वाळू नुसती नेत नाहीत, आणूनही टाकतात. 'हवामानबदल थोतांड आहे' म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास डोक्यावर घेतला.

पण त्याच यादीत बेतिओ आहे आणि ते ३० टक्के वाढलेलं दिसतं. का? माणसांनी भराव घातला म्हणून. शिवाय क्षेत्रफळ वाढणं म्हणजे उंची वाढणं नव्हे. वाळू पसरली तर चटई मोठी होते, पलंग होत नाही.

उलट बाजूची चूकही तेवढीच प्रसिद्ध आहे. तारावाच्या खाजणात बिकेमान नावाचं एक छोटं बेट होतं. ते नाहीसं झालं आणि परदेशी पत्रकारांनी समुद्रपातळीचा पहिला बळी म्हणून त्याचे फोटो काढले. प्रत्यक्षात बेतिओ-बाइरिकीचा तो भराव-रस्ता झाल्यावर वाळूची ये-जा बदलली आणि बिकेमान झिजत गेलं. बेट गेलं हे खरं, पण त्यात रस्त्याचा वाटा मोठा. यावरून समुद्र चढत नाही असा अर्थ काढू नये. तो चढतोय, आणि मोठ्या उधाणाला घरांत पाणी शिरतं. पण दाट वस्तीच्या बेटावर समुद्राने काय केलं आणि शहराने काय केलं हे वेगळं काढणं फार अवघड असतं. बांधकामाला वाळू-खडी हवी म्हणून लोक किनारा खणतात, मग घर वाचवायला प्रवाळाच्या दगडांची भिंत घालतात, भिंतीवर आपटलेली लाट शेजाऱ्याची वाळू नेते, आणि शेजारी भिंत घालतो.

हेच एका खटल्यातही दिसलं. इओआने टेटिओटा या किरिबातीच्या नागरिकाने न्यूझीलंडमध्ये हवामान-निर्वासित म्हणून आसरा मागितला. जगभर गाजलेला खटला. न्यूझीलंडने नकार दिला, २०१५ मध्ये त्याला परत पाठवलं, आणि २०२० च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही त्याच्या बाजूने निकाल दिला नाही, जरी पुढे कधीतरी अशा कारणाने माणसाला परत पाठवणं बेकायदा ठरू शकतं हे मान्य केलं. बातम्यांत फक्त समुद्र होता. कागदपत्रांत मात्र दक्षिण तारावाची दाटी, जमिनीवरून होणाऱ्या मारामाऱ्या आणि विहिरींचं खारं पाणी यांचं पानोपानी वर्णन आहे. कायद्याला विचारायचं होतं की हा माणूस समुद्रामुळे संकटात आहे का. त्याचं उत्तर एका शब्दात देता येईल असं ते बेटच नाही.

मग लोकांना गावीच थांबवा ना

प्रयत्न झाला आहे. सरकार खोबरं हमीभावाने विकत घेतं. तानेती मामाऊ २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा किलोचा भाव एका ऑस्ट्रेलियन डॉलरवरून दोनवर नेला गेला, आणि पुढे चारवर. (चलन ऑस्ट्रेलियाचंच चालतं.) बाजारात खोबऱ्याला एवढा भाव नाही, फरक सरकार भरतं, आणि सरकारकडे पैसा येतो तो मुख्यतः परदेशी बोटींना ट्यूना पकडायला दिलेल्या परवान्यांतून. या पैशाने बाहेरच्या बेटांवर चार नाणी खेळू लागली हे चांगलंच झालं. मात्र खोबऱ्याच्या भावाने इस्पितळ येत नाही. आणि ट्यूना पाण्याच्या तापमानाप्रमाणे जागा बदलतो, म्हणजे हमीभावाचा पाया पोहत असतो.

शिवाय एक गोष्ट विसरली जाते. तारावाची वाढ आता फक्त येणाऱ्यांमुळे होत नाही. जे तीस वर्षांपूर्वी आले त्यांची मुलं इथेच जन्मली. त्यांना 'गावी परत जा' म्हणणं म्हणजे ज्या बेटावर ते कधी राहिलेच नाहीत तिथे जा म्हणणं. त्यातल्या कित्येकांना बाबाईचा खड्डा कसा राखायचा हे माहीत नाही.

दुसऱ्या रिकाम्या बेटावर न्यावं?

ही कल्पना इतकी जुनी आहे की तिचा इतिहास लिहिता येतो. १९३८ पासून ब्रिटिशांनी गिल्बर्ट बेटांवरची माणसं पूर्वेकडच्या फीनिक्स बेटांवर (तीही आज किरिबातीचीच) नेऊन वसवली, कारण तेव्हाच गर्दीची चिंता सुरू झाली होती. पाऊस दगा देत राहिला आणि १९६३ पर्यंत ती वसाहत गुंडाळून लोकांना सॉलोमन बेटांवर हलवावं लागलं. नंतर १९८९ ते १९९५ मध्ये चार-पाच हजार लोक किरिबातीच्याच, आणखी पूर्वेच्या लाइन बेटांवर नेले.

या लाइन बेटांतलं किरितिमाती मोठं आहे, सुमारे ३८८ चौरस किलोमीटर, म्हणजे देशाची जवळपास निम्मी जमीन. लोकवस्ती सात हजारांच्या आसपास. नकाशावर उत्तर सोपं दिसतं. पण तारावापासून ते तीन हजार किलोमीटरहून दूर आहे. मुंबईहून ढाक्याला गेलात तरी एवढं अंतर होत नाही. ते कोरडंही आहे, आणि तिथे गेलेल्याला काम पुन्हा सरकारकडेच मागावं लागतं. नोकऱ्या आधी आल्या तर माणसं आपली आपण जातील. तारावालाही तशीच आली.

आणि देशाबाहेर?

आधीचे राष्ट्राध्यक्ष आनोते टाँग यांनी 'सन्मानाने स्थलांतर' हे धोरण मांडलं होतं: माणसांना परिचारिका, सुतार, खलाशी म्हणून इतकं तयार करायचं की निर्वासित म्हणून नव्हे तर कामगार म्हणून कुठेही जाता यावं. २०१४ मध्ये त्यांच्या सरकारने फिजीत सुमारे वीस-बावीस चौरस किलोमीटर जमीनही विकत घेतली. मामाऊ यांनी सूर बदलला. देश सोडायची भाषा त्यांना मान्य नव्हती. न्यूझीलंड सोडतीने कायमचा प्रवेश देतो, पण बरीच वर्षं किरिबातीच्या वाट्याला वर्षाला ७५ जागा होत्या. दहा वर्षांत तारावा मात्र सुमारे तेरा हजारांनी वाढलं.

उंच इमारती बांधता येणार नाहीत का?

येतील, काही बांधल्याही आहेत. पण आधी पाणी आणि मैला यांचं काय ते ठरवावं लागतं, म्हणून सरकारने समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाची वाट धरली. त्याला वीज लागते, तारावाची बरीचशी वीज जहाजाने आलेल्या डिझेलवर होते, म्हणून प्रकल्पासोबत सौर पॅनल आले. पॅनलना जागा हवी. जागा नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: शहर सुधारलंत तर आणखी लोक येतील. येतीलच. पण दोन दिवसांतून दोन तास पाणी येत होतं तेव्हाही ते येतच होते. नळ कोरडा ठेवून गर्दी थांबल्याचं तारावात तरी दिसलेलं नाही.

सध्या चर्चेत असलेली मोठी योजना तेमाईकूची आहे. विमानतळाजवळचा हा सखल भाग १९७० च्या दशकात भराव घालून समुद्रातून मिळवलेला. आता न्यूझीलंडच्या मदतीने त्याचा आराखडा झाला आहे: खाजणातली वाळू उपसून सुमारे ३०० हेक्टर जमीन दोन मीटरहून जास्त उंच करायची, आणि तिथे ३५,००० माणसांचं नवं, आखीव शहर वसवायचं. गेल्या दशकात दक्षिण तारावा ज्या वेगाने वाढलं त्या वेगाने ही जागा सत्तावीस वर्षांत भरते. काम अजून सुरू व्हायचं आहे.